मध्यम लहरींवरचे केंद्र मधूनमधून गप्प होते तेव्हा दोष कसा शोधावा

एएम रेडिओ केंद्राचा आवाज मधूनमधून जाऊ लागला की श्रोता आधी रेडिओवर थाप मारतो, मग सेल बदलतो आणि शेवटी दुसरे केंद्र लावतो. केंद्राचे खरे नुकसान या शेवटच्या कृतीने होते, कारण निघून गेलेला श्रोता तक्रार करीत नाही, आणि तक्रार आली नाही म्हणजे सर्व ठीक आहे असे केंद्रावर धरले जाते. पूर्वी मोठ्या प्रक्षेपकापाशी (ट्रान्समीटरपाशी) दिवसरात्र माणूस असे. आवाजातला फरक त्याच्या कानाला लगेच कळे आणि मीटरवरचे आकडे तो ठरलेल्या वेळी वहीत उतरवी. आता अनेक ठिकाणी एकच अभियंता दूरनियंत्रणाच्या आधारे बरीच केंद्रे सांभाळतो आणि मनोऱ्यापाशी क्वचितच पोहोचतो. अशा परिस्थितीत लक्ष देऊन ऐकणारा आणि नीट लिहून कळवणारा श्रोता देखभालीला फार मोठा हातभार लावू शकतो. पुढील पद्धत मुख्यतः त्याच्यासाठी आहे. लहान केंद्र सांभाळणाऱ्यांनी काय पाहावे, हे शेवटच्या भागात आले आहे.

दोष आपल्या घरातला तर नाही?

ही पायरी वगळून केलेली तक्रार अभियंत्याचा वेळ खाते आणि पुढच्या खऱ्या तक्रारीचे वजन कमी करते, म्हणून ती कंटाळा न करता पार पाडावी. सेलवर चालणारा रेडिओ घ्यावा, घराचा मेन स्विच काही मिनिटे बंद करावा आणि केंद्र पुन्हा ऐकावे. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, संगणकाचे वीजपुरवठे आणि इन्व्हर्टर यांच्यातील वेगाने चालू-बंद होणारी मंडले (सर्किटे) मध्यम लहरींच्या पट्ट्यात भरपूर खरखर सोडतात, आणि त्या खरखरीत बुडालेले केंद्र ‘खंडित’ झाल्यासारखे वाटते. मेन स्विच बंद केल्यावर आवाज स्वच्छ झाला, तर केंद्राचा काही दोष नाही. खरखर तशीच राहिली, तर रेडिओ घेऊन मोकळ्या जागी, विजेच्या तारांपासून दूर जावे आणि तेथे ऐकावे.

घरघरीबाबत एक फसवी गोष्ट माहीत असावी. कधीकधी केंद्र लागले की विजेची घरघर ऐकू येते आणि काटा बाजूला सरकवला की ती नाहीशी होते, त्यामुळे ती केंद्राकडूनच येते असे वाटते. प्रत्यक्षात घरातील एखाद्या वीजपुरवठ्यातील डायोड त्या केंद्राच्या लहरीवर घरघर चढवीत असतो. हीच घरघर मोकळ्या मैदानात सेलवरच्या रेडिओवरही ऐकू आली, तरच ती केंद्राच्या खाती मांडावी.

बहुतेक छोट्या रेडिओंत फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेला अँटेना असतो. कांडीचे टोक केंद्राच्या दिशेला आले की संकेत जवळजवळ नाहीसा होतो आणि कांडी आडवी वळवली की तो सर्वांत बलवान होतो. रेडिओ थोडा फिरला तरी संकेताचे बळ बदलते, म्हणून प्रत्येक वेळी तो त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून ठेवावा. मी स्वतः टेबलावर खडूने रेघ आखून ठेवली आहे. शेवटी, शेजारच्या वारंवारतेवरील आणखी दोन केंद्रे ऐकून पाहावीत. खंड सगळ्यांवर पडत असेल तर रेडिओचा किंवा परिसराचा दोष आहे. एकाच केंद्रावर पडत असेल तर पुढे जावे.

शांततेचा आवाज ऐका

केंद्र गप्प झाले, तरी ती शांतता कशी होती हे फार थोडे लोक ध्यानात घेतात, आणि निदानाची अर्धी माहिती तिथेच असते. एएम प्रसारणात वाहक लहर सतत चालू असते आणि आवाज तिच्या उंचीत चढउतार करून पाठवला जातो. वाहक लहर येत असेल तोवर रेडिओतील स्वयंचलित नियंत्रण आपली संवेदनशीलता आवरून धरते, त्यामुळे पार्श्वभूमी शांत राहते. वाहक लहर गेली की रेडिओ आपली संवेदनशीलता पूर्ण वाढवतो आणि सुरसुर, खरखर किंवा त्याच वारंवारतेवरचे दूरचे दुसरे केंद्र वर येते.

म्हणून निवेदकाचा आवाज अचानक थांबला आणि मागे दाट, निर्मळ शांतता उरली, तर प्रक्षेपक आणि मनोरा आपले काम करीत आहेत आणि दोष स्टुडिओत किंवा स्टुडिओपासून प्रक्षेपकापर्यंतच्या दुव्यात आहे. आवाज थांबला आणि सुरसुर उसळली, तर प्रक्षेपकाने काम थांबवले आहे, मग ते वीज गेल्यामुळे असो किंवा त्याच्या संरक्षक मंडलाने त्याला बंद केल्यामुळे. तिसरा प्रकार असा की आवाज जात नाही, पण एकाएकी एक पायरी खाली उतरतो आणि सुरसुर थोडी वाढते. तेव्हा प्रक्षेपक कमी शक्तीवर आला आहे. या तीन प्रकारांत फरक करण्याची सवय कानाला चार-पाच दिवसांत लागते.

दुव्याचे दोषही आवाजावरून पुष्कळसे ओळखता येतात. दुवा इंटरनेटवरचा असेल तर अक्षरे तुटतात, एखादा शब्द दोनदा येतो किंवा आवाज क्षणभर यांत्रिक होतो, कारण माहितीची काही पाकिटे वाटेत हरवलेली असतात. दुवा उपग्रहावरून असेल तर विषुवदिनांच्या सुमारास, म्हणजे मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या काही दिवसांत, रोज जवळपास त्याच वेळी काही मिनिटे कार्यक्रम जाऊ शकतो. सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याचा रेडिओ-गोंगाट जमिनीवरच्या तबकडीत शिरतो. हा निसर्गक्रम आहे, मात्र त्या मिनिटांसाठी पर्यायी वाट ठेवणे केंद्राच्या हातात असते. जुन्या पद्धतीच्या सूक्ष्मलहरी दुव्यात पहाटेच्या शांत, थरांच्या हवेत संकेत डळमळतो आणि ऊन चढल्यावर सुधारतो.

खंड केव्हा पडतो, ते मांडून पाहा

एका खंडावरून काहीच ठरवू नये. आठ-दहा खंडांच्या नेमक्या वेळा आणि त्या वेळचे हवामान शेजारीशेजारी लिहिले की कारण बरेचदा आपोआप दिसू लागते.

सर्वांत बोलका प्रकार म्हणजे मोठ्या आवाजाबरोबर पडणारा खंड. संगीत चढते, निवेदक जोराने बोलतो आणि नेमक्या त्या क्षणी केंद्र अर्धा सेकंद नाहीसे होते. हळू बोलणे चालू असताना मात्र काही होत नाही. मॉड्युलेशनच्या, म्हणजे आवाजाने वाहक लहरीत होणाऱ्या चढउताराच्या, शिखरावर अँटेनाकडे जाणारी तात्कालिक शक्ती वाहक लहरीच्या चौपटीपर्यंत किंवा त्याहूनही वर जाते, आणि कुठे इन्सुलेटरवर घाण साचली असेल, मनोऱ्याच्या पायथ्याच्या ठिणगी-फटीतले अंतर कमी झाले असेल किंवा प्रक्षेपक आणि मनोरा यांचा मेळ घालणाऱ्या जुळवणी मंडलातला एखादा कपॅसिटर दुबळा झाला असेल, तर तेथे त्या क्षणी ठिणगी उडते. अँटेनाकडून उलट परत येणारी शक्ती पाहून प्रक्षेपक स्वतःला वाचवण्यासाठी क्षणभर थांबतो. अशा खंडांची संख्या आठवड्यागणिक वाढत असेल तर ती बाब तातडीने कळवावी, कारण वारंवार उडणारी ठिणगी आपली जागा जाळत जाते आणि एक दिवस केंद्र पूर्ण बंद पडते.

याउलट, वादळी हवेत वीज चमकल्याबरोबर पडणारा क्षणभराचा खंड दोष मानू नये. मनोऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या दोन धातूच्या गोळ्यांमधील फट विजेचा दाब जमिनीत सोडते, आणि ती ठिणगी विझावी म्हणून प्रक्षेपक मुद्दाम थोडा वेळ शक्ती बंद करतो. यंत्रणा जशी चालायला हवी तशीच ती चालली आहे. त्या वादळानंतर केंद्र कमी शक्तीवरच राहिले, तर मात्र तशी नोंद करावी.

पावसाबरोबर सुरू होऊन उन्हाबरोबर संपणारा बिघाड ओल्या इन्सुलेटरकडे, पायथ्याशी वाढलेल्या गवताकडे किंवा केबलीत शिरलेल्या ओलाव्याकडे बोट दाखवतो. वाऱ्याबरोबर येणारी कडकड सैल जोडणीची असते. भर दुपारी शक्ती उतरते आणि संध्याकाळी परत येते, तेव्हा प्रक्षेपकाच्या हवेच्या गाळण्या तुंबल्या आहेत किंवा वातानुकूलन बंद पडले आहे, असा अंदाज बहुधा बरोबर निघतो. केंद्र जाते, काही सेकंदांनी परत येते, पुन्हा जाते आणि दोन-तीन प्रयत्नांनंतर गप्पच राहते, तेव्हा स्वयंचलित पुनरारंभाने आपले ठरावीक प्रयत्न संपवले आहेत आणि आता कुणीतरी जाऊन पाहणे आवश्यक आहे.

संध्याकाळनंतरच्या चढउतारांना वेगळी फूटपट्टी लावावी लागते. दिवसा आयनांबराचा, म्हणजे उंचावरील विद्युतभारित हवेचा, सर्वांत खालचा, ‘डी’ नावाचा थर मध्यम लहरी शोषून घेतो, त्यामुळे आपल्यापर्यंत फक्त जमिनीलगत येणारी लहर पोहोचते. सूर्यास्तानंतर हा थर विरतो आणि वरच्या थरांवरून परावर्तित झालेली लहरही येऊ लागते. या दोन लहरी जेथे सारख्याच बळाच्या असतात, अशा अंतरावर त्या कधी एकमेकींत मिळतात, कधी एकमेकींना मारतात. आवाज काही सेकंदांत किंवा मिनिटांत हळूहळू चढतो-उतरतो आणि उतरताना फाटल्यासारखा होतो. केंद्रावर कितीही चांगली देखभाल असली तरी हे टळत नाही. शिवाय काही देशांत, विशेषतः अमेरिकेत, अनेक केंद्रांना सूर्यास्ताला शक्ती कमी करावी लागते किंवा प्रक्षेपणाची दिशा बदलावी लागते. म्हणून केंद्राच्या तांत्रिक प्रकृतीबद्दलचे कोणतेही मत दुपारच्या ऐकण्यावरूनच बनवावे. रात्रीच्या नोंदी ठेवायच्याच असतील तर वेगळ्या पानावर ठेवाव्यात.

हळूहळू होणारी घसरण कान पकडत नाही

खंड निदान लक्षात तरी येतो. त्याहून घातक असते ती वर्षानुवर्षे चालणारी, कुणालाच न जाणवणारी घसरण, आणि तिचे गणित समजून घेण्यासारखे आहे. दूरवर मिळणारी क्षेत्र-तीव्रता शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. प्रक्षेपकाची शक्ती निम्मी झाली, तरी तीव्रता सुमारे ७१ टक्के उरते, म्हणजे केवळ ३ डेसिबलने उतरते. शक्ती चौथ्या हिश्श्यावर आली तेव्हा कुठे तीव्रता निम्मी होते. गावात, केंद्राच्या जवळ राहणाऱ्याला यातले काहीच कळत नाही, कारण रेडिओचे स्वयंचलित नियंत्रण फरक भरून काढते. सेवाक्षेत्राच्या कडेवर, जेथे संकेत आधीच गोंगाटाच्या थोडाच वर असतो, तेथे मात्र केंद्र ऐकण्याजोगे राहत नाही. त्यामुळे घसरणीची पहिली साक्ष नेहमी कडेवरचा श्रोता देतो, आणि त्याचीच साक्ष सर्वांत कमी विचारली जाते.

ही घसरण टिपण्याचा मार्ग साधा आहे. संकेताचे बळ आकड्यात दाखवणारा रेडिओ घ्यावा. आजकालच्या डीएसपी (संकेतावर अंकी प्रक्रिया करणाऱ्या) चिपवर चालणाऱ्या बऱ्याच छोट्या संचांत ही सोय असते, आणि संगणकाला जोडायचा एसडीआर, म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ, असेल तर अधिकच उत्तम. एक मोकळी जागा ठरवावी. आठवड्यातून एकदा, दुपारी बाराच्या सुमारास, ठरलेल्या दिशेने रेडिओ ठेवून त्या केंद्राचे आणि त्याच बरोबर इतर दोन केंद्रांचे वाचन लिहावे. इतर दोन केंद्रांचा उपयोग तुलनेसाठी आहे: तिन्ही आकडे एकत्र उतरले तर रेडिओ, सेल किंवा हवामान यांचा परिणाम समजावा, आपल्या केंद्राचा आकडा एकटाच उतरला आणि सलग तीन-चार आठवडे खालीच राहिला, तर केंद्रावर काही बदलले आहे. जमिनीलगतच्या लहरीचे बळ जमिनीच्या ओलाव्यानुसार आणि ऋतूनुसार थोडे बदलत असते, म्हणून कोरड्या दिवसांतील वाचन मागल्या वर्षीच्या कोरड्या दिवसांतील वाचनाशीच ताडून पाहावे. दूर राहणाऱ्या मित्रमंडळींची मदत घेता आली तर चांगलेच. किवी-एसडीआरसारखे इंटरनेटवर खुले असलेले रिसीव्हर केंद्राच्या टप्प्यात असतील, तर त्यांवरूनही दुसरे मत मिळते.

आवाजाच्या गुणवत्तेचीही दोन शब्दांत नोंद करावी. नवी घरघर सुरू झाली, आवाज दबका झाला, ‘स’ आणि ‘श’ फाटू लागले, शेजारच्या वारंवारतेवर केंद्राचे शिंतोडे उडू लागले, तर या प्रत्येकामागे वेगळे कारण असते. वाहक लहर आपल्या जागेवरून सरकली आहे का, हेही एसडीआरवर दिसते. अमेरिकेत एएम केंद्राला फक्त २० हर्ट्झ इकडे किंवा तिकडे इतकीच सवलत आहे, यावरून अपेक्षित काटेकोरपणाची कल्पना यावी.

कळवावे कसे

‘तुमचा आवाज नीट येत नाही’ या वाक्याने कुणाचाही उपयोग होत नाही. पत्रात वारंवारता, तारीख, घड्याळाशी जुळवलेली वेळ, खंडाचा कालावधी, ऐकण्याचे ठिकाण आणि केंद्रापासूनचे अंदाजे अंतर, रेडिओचा प्रकार, हवामान, शांततेचा प्रकार आणि त्याच वेळी इतर केंद्रे कशी होती, हे सर्व यावे. रेडिओछंदी मंडळी केंद्र कसे ऐकू आले हे गुणांत सांगणारी ‘सिन्पो’ ही पाच अंकांची पद्धत वापरतात आणि नेहमीच्या अहवालासाठी ती योग्यच आहे, पण ती साधारण सरासरी सांगते. अर्ध्या तासात तीनदा पडलेला दोन सेकंदांचा खंड तिच्यात बुडून जातो. म्हणून खंडाची ध्वनिफीत जोडावी, खंडाच्या आधीचे आणि नंतरचे अर्धे मिनिट तिच्यात असू द्यावे. पत्र तांत्रिक विभागाच्या नावे पाठवावे. कार्यक्रमात फोन लावून निवेदकाला सांगितलेली गोष्ट अभियंत्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. भाषा सौम्य ठेवावी, कारण ते पत्र वाचणारा माणूस बहुधा स्वतःच सुटे भाग आणि मनुष्यबळ मागून थकलेला असतो, आणि आपले नेमके पत्र त्याला वरिष्ठांपुढे ठेवता येते. दुरुस्ती झाल्यावर नवे वाचन त्याला अवश्य कळवावे.

प्रत्यक्ष मनोऱ्यापाशी जाऊन पाहण्याचा मोह मात्र कुणीही करू नये. मध्यम लहरींच्या बऱ्याच केंद्रांत संपूर्ण मनोरा हाच अँटेना असतो आणि त्याला स्पर्श करताच गंभीर भाजणे किंवा मृत्यू ओढवू शकतो. कुंपण त्यासाठीच असते.

केंद्र सांभाळणाऱ्यांसाठी

तुटपुंज्या पैशात कशाला आधी हात घालावा, असे मला विचारले तर मी जमिनीखालच्या तांब्याचे नाव घेईन. मनोऱ्याच्या पायथ्यापासून चहूबाजूंना पसरलेल्या तारा हा अँटेनाचाच अर्धा भाग असतो. ब्राउन, लुईस आणि एपस्टाइन यांनी १९३७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनंतर पाव तरंगलांबीच्या १२० तारा हा अमेरिकेत मान्य नमुना ठरला. १००० किलोहर्ट्झच्या केंद्रासाठी ती प्रत्येकी ७५ मीटर, म्हणजे एकूण ९ किलोमीटर तार होते. ही तार चोरीला जाते, आम्लयुक्त मातीत झिजते, नांगराने किंवा खोदकामाने तुटते, आणि वरून काहीच दिसत नाही.

यातली खरी अडचण अशी की प्रक्षेपकाचा मीटर ही हानी दाखवीत नाही. पाव तरंगलांबीच्या मनोऱ्याचा प्रारण-रोध, म्हणजे लहरींच्या रूपाने हवेत जाणारी शक्ती ज्या रोधात खर्च होते असे धरतात तो, सुमारे ३६ ओहम असतो. जमिनीतील हानीचा रोध ४ ओहम असेल तर ९० टक्के शक्ती हवेत जाते. तारा तुटून तो १४ ओहम झाला तर ७२ टक्केच जाते आणि उरलेली माती तापवते. बुटक्या मनोऱ्याची स्थिती आणखी वाईट असते: त्याचा प्रारण-रोध ७ ओहम धरला, तर त्याच बदलाने हवेत जाणारी शक्ती ६४ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर येते. दोन्ही वेळी, जुळवणी पुन्हा साधून घेतली की, मीटरवर शक्ती पूर्णच दिसते. म्हणून पायथ्याचा रोध वर्षातून निदान एकदा मोजावा, जुन्या आकड्याशी ताडावा, आणि जुळवणी मंडलाची फिरकी फिरवण्याआधी तो का बदलला याचा शोध घ्यावा. फिरकी फिरवून मीटर सरळ करणे म्हणजे पुरावा पुसणे होय. याच्याच जोडीला, ठरलेल्या चार-पाच ठिकाणी क्षेत्र-तीव्रता मोजण्याची प्रथा मोडू देऊ नये.

त्यानंतरची कामे स्वस्त आहेत. पायथ्याच्या इन्सुलेटरवरील घाण पुसणे, गवत कापणे, ठिणगी-फटीचे गोळे स्वच्छ करून अंतर तपासणे, हवेच्या गाळण्या बदलणे, जनित्र खऱ्या भारावर चालवून पाहणे, ही सारी एका दिवसाची कामे आहेत. प्रक्षेपक बंद करून आणि मंडल जमिनीला जोडून घेतल्यानंतर लगेच उष्णतामापकाने जोडण्या तपासल्या की जी जोडणी शेजारणीपेक्षा गरम निघते तीच पुढच्या महिन्यात जळणार असते. आधुनिक प्रक्षेपकात अनेक शक्ती-मॉड्यूल असतात आणि त्यांतली एक-दोन निकामी झाली तरी प्रसारण चालू राहते. या सोयीमुळेच ती महिनोन्महिने बदलली जात नाहीत आणि उरलेल्यांवर भार येतो. त्रिफेज पुरवठ्यावरच्या यंत्रात अचानक १०० हर्ट्झची, किंवा जेथे वीज ६० हर्ट्झची असते तेथे १२० हर्ट्झची, घरघर सुरू झाली तर आधी एखादा फेज गेला आहे का ते पाहावे.

दुव्यासाठी दोन वाटा असाव्यात आणि त्या दोन्ही एकाच खांबावरून किंवा एकाच सेवादात्याकडून येणाऱ्या नसाव्यात. प्रक्षेपकाच्या खोलीत तासाभराचा ध्वनिमुद्रित कार्यक्रम असलेले एक छोटे यंत्र ठेवावे, जे ठरावीक सेकंदांच्या शांततेनंतर आपोआप सुरू होईल. ते बसवल्यावर महिन्यातून एकदा स्टुडिओकडचा दुवा मुद्दाम तोडून ते खरोखर सुरू होते की नाही ते पाहावे, आणि त्या चाचणीची तारीख, वेळ व लागलेले सेकंद खोलीतल्या वहीत, पायथ्याच्या रोधाच्या आकड्याखाली, लिहून ठेवावेत.